लहान मुलांना कचरा, भंगार आणि पुनर्वापर शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषद शाळांतले पहिली ते चौथीचे शिक्षक आणि गावातले पालक यांच्यासाठी आहे. शहरातल्या पोस्टरवर हिरवा डबा, निळा डबा आणि रोज सकाळी गाणं वाजवत येणारी घंटागाडी असते. आपल्याकडे विदर्भात बहुतेक गावांत उकिरडा असतो, गोठा असतो, चूल असते आणि अधूनमधून फिरकणारा कबाडी असतो. खालची उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

सुरुवात कशापासून करावी? गाण्यापासून, पोस्टरपासून की डब्यांपासून?

यातल्या कशापासूनच नको. आधी मोठ्यांनी एक काम उरकून घ्यावं: गावातली कोणती वस्तू शेवटी जाते कुठे, हे शोधून काढावं. कबाड्याला थांबवून विचारा, तो काय घेतो आणि काय परत देतो. ग्रामपंचायतीत विचारा, प्लास्टिक साठवायला शेड आहे का आणि तिथून माल पुढे कधी उचलला जातो. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. आपल्या तालुक्यात ते प्रत्यक्ष चालू आहे का, एवढं कळलं तरी बरंच काम होतं.

मग एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: गुरं खातात, खतात जातं, कबाडी नेतो, कुठेच जात नाही. गावातली प्रत्येक वस्तू यातल्या एका रकान्यात बसते. चौथा रकाना पुसून टाकू नका, किंवा उगाच तिसऱ्यात ढकलू नका. मुलांनी सकाळी वेगवेगळं केलेलं संध्याकाळी एकाच खड्ड्यात ओतलेलं त्यांना दिसलं, तर पुढचे सगळे धडे वाया जातात. पाच वर्षांच्या पोराच्या नजरेतूनही हे सुटत नाही.

मग मुलांसाठी पहिला धडा कोणता?

घरातली ‘दुसरं काम करणारी’ वस्तू शोधून आणणे, किंवा आणता येत नसेल तर तिचं चित्र काढणे. तेलाच्या डब्यात दाणे भरलेले असतात, फुटक्या माठात तुळस असते, जुन्या लुगड्याची गोधडी झालेली असते, पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) चुलीत जाते, सोयाबीनचं कुटार (मळणीचा भुसा) गुरांना जातं. प्रत्येक मुलाने पाच वस्तू सांगायच्या: आधी ती काय होती, आता काय काम करते आणि हे कोणी केलं. उत्तरात आजीचं नाव वारंवार येतं. पुनर्वापर ही बाहेरून आलेली नवी गोष्ट नाही, हे मुलांना इथेच कळतं. नवी आहे ती पन्नी (पातळ प्लास्टिकची पिशवी, पुडा), आणि घरच्या जुन्या शहाणपणात तिच्यासाठी जागाच नव्हती.

कोणत्या वयाच्या मुलाला किती झेपतं?

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला एका वेळी दोनच गट कळतात: ‘झाडावरून, शेतातून आलेलं’ आणि ‘दुकानातून आलेलं’. दहा-बारा मिनिटांत खेळ संपवा. या वयात वस्तू तोंडात जाते, म्हणून सव्वा इंचापेक्षा लहान झाकणं, बटणं, चिंचोके देऊ नका.

सहा-सात वर्षांची मुलं तीन गट सांभाळतात आणि ‘हे कुठे जाईल?’ याचं उत्तर देतात. आठ ते दहाची मुलं मोजतात, तोलतात, नोंदवही ठेवतात आणि घरी जाऊन मोठ्यांशी वादही घालतात. त्यांना सांगकाम देऊ नका, हिशेब द्या.

डबे किती आणि कोणत्या रंगाचे?

नवे डबे विकत घेऊ नका. पुनर्वापर शिकवायला नवं प्लास्टिक आणणं मुलांनाही चमत्कारिक वाटतं. तेलाचे रिकामे पिंप किंवा खताची धुतलेली पोती पुरतात. रंगावर भर देऊ नका, कारण मुलं रंग पाठ करतात आणि वस्तू विसरतात. प्रत्येक पिंपावर खरी वस्तूच बांधा: खताच्या पिंपावर वाळलेलं पान, कबाडीच्या पिंपावर चेपलेली बाटली, तिसऱ्यावर चिप्सच्या पुड्याचं रॅपर. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे समजतं.

शाळेत तीन पिंपं बस. गुरांचं वेगळं टोपलं ठेवायचं तर ते रोज दुपारी कोणाच्या तरी गोठ्यात पोचलं पाहिजे. उन्हाळ्यात भाजीची देठं संध्याकाळपर्यंत आंबतात.

कोणती पन्नी कबाडी घेतो आणि कोणती नाही, हे मुलांनी कसं ओळखायचं?

ओढून, चुरगळून आणि आतून पाहून. दुधाची पिशवी ओढली की ताणते, चुरगळली तर फारसा आवाज करत नाही. ती स्वच्छ असेल तर कबाडी बहुधा घेतो. चिप्सचा पुडा ताणत नाही, करकरतो आणि आतून चंदेरी असतो. तो प्लास्टिकच्या आणि धातूच्या पातळ थरांचा बनलेला असतो. ते थर एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून त्याला बाजार नाही. शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याच्या पुड्याही त्यातच.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, असं मुलांना आवर्जून दाखवा. तो एवढासा त्रिकोण कोणीच उचलत नाही, कबाड्याच्या पोत्यातही टिकत नाही. थोडी चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच लटकता ठेवायचा. पिशवी पालथी घालून, धुऊन, दोरीवर वाळवायची.

तिसरी-चौथीला पाण्याचा प्रयोग करून दाखवता येतो. पाण्याच्या बाटलीच्या भिंतीचा आणि तिच्याच झाकणाचा एकेक सेंटिमीटरचा तुकडा मोठ्यांनी कापून द्यावा. गंजभर पाण्यात टाकले की भिंतीचा तुकडा बुडतो, झाकणाचा तरंगतो. दोन्ही प्लास्टिकच, पण जात वेगळी, म्हणून एकत्र वितळवून चालत नाही. मोठ्या कारखान्यांतही बाटल्यांचा चुरा आणि झाकणांचा चुरा असाच पाण्यात वेगळा करतात. कधी कधी बाटलीचा तुकडाही तरंगतो आणि वर्गात गोंधळ उडतो. बहुधा त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि तुकडा बोटाने एकदा आत दाबा.

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, २ म्हणजे जाड डबे-कॅन, ५ म्हणजे काही झाकणं आणि जेवणाचे डबे. आकडे शोधायला मुलांना मजा वाटते. पाठ करून घ्यायची गरज नाही.

मुलांनी हात लावायचाच नाही अशा वस्तू कोणत्या?

हा प्रश्न पहिल्या दिवशीच घ्यायचा आणि दर महिन्याला पुन्हा घ्यायचा.

फवारणीच्या औषधाची बाटली, डबा, झाकण, मापाचं टोपण, काहीही. रिकामी असली तरी, तीन वेळा धुतली तरी, बांधावर पडलेली असली तरी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले. हे विष कातडीतूनही अंगात जातं. या बाटल्यांवर तिरपा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल. पण ‘हिरवा म्हणजे चालतं’ असं मुलांना वाटतं, तिथेच घोळ होतो. मुलांना एकच शिकवा: तिरपा चौकोन दिसला की दोन पावलं मागे आणि मोठ्या माणसाला हाक.

बियाण्याच्या पिशव्याही यातच धरा. कपाशीचं बियाणं औषध लावलेलं असतं आणि पिशवी रंगीत, चित्रांची असते. मुलांना ती वही झाकायला हवीहवीशी वाटते. ती देऊ नका.

शिवाय सुया, सलाइनच्या नळ्या, औषधाच्या काचेच्या कुप्या, ब्लेड, फुटलेली काच, बल्ब, ट्यूबलाइट, फुगलेले सेल, डायपर आणि सॅनिटरी पॅड. खर्ऱ्याच्या पन्न्यासुद्धा. त्यांना तंबाखू आणि चुना लागलेला असतो आणि बऱ्याचदा थुंकीही. पानठेल्याभोवतीच्या पन्न्या उचलणं हे पानठेलेवाल्याचं आणि ग्रामपंचायतीचं काम आहे, पहिलीतल्या मुलांचं नाही.

बाकी काम करताना मोठ्यांच्या मापाचे हातमोजे देऊ नका. ते निसटतात आणि आत घाण जाते. गावातल्या बांबूकाम करणाऱ्याकडून कामटीचे दीड-दीड फुटी चिमटे वाकवून घ्या. दोन मुलांत एक चिमटा पुरतो. काम संपलं की साबणाने वीस सेकंद हात धुणं, नखांसकट.

‘पुरा आणि पाहा’ हा प्रयोग कसा करायचा?

विकतचं काही आणावं लागत नाही, म्हणून तो प्रत्येक शाळेत होण्यासारखा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि ओली झाली की चिखलाचा गोळा होतो, त्यामुळे हवा खेळत नाही. म्हणून खणलेल्या मातीत तिच्या एक तृतीयांश जुनं शेणखत मिसळा. मग तळहाताएवढे सहा तुकडे पुरा: पळसाचं किंवा वडाचं पान, वर्तमानपत्र, शुद्ध सुती कापड, टेरिकॉटचं (पॉलिस्टर मिसळलेलं) कापड, दुधाची पिशवी, चिप्सचं रॅपर. प्रत्येकाच्या डोक्याशी तुराटीची (तुरीच्या वाळक्या झाडाची) काडी खोचा आणि वर्गात नकाशा काढून ठेवा, कारण काड्या शेळ्या उपटतात. वर चार इंच माती. दर तीन दिवसांनी तांब्याभर पाणी.

साठ दिवसांनी उकरा. पान आणि कागद ओळखू येत नाहीत, सुती कापडाला भोकं पडलेली असतात किंवा ते हातात तुटतं. टेरिकॉट मळतं, पण कापड कापडच राहतं. पिशवी आणि रॅपर धुतले की जसेच्या तसे.

कपाशीच्या मुलखात सुती आणि टेरिकॉट हा फरक मुलांना चटकन भिडतो. बापाच्या शेतातलं मातीत परत गेलं, कारखान्यातलं गेलं नाही.

काहीच कुजलं नाही, तर दोन कारणं तपासा: पाणी घातलं गेलं नाही, किंवा माती निर्जीव, भरावाची मुरमाड होती. बरेचदा पहिलंच असतं, कारण मध्ये दिवाळीची सुट्टी येते.

शाळेत खत करायचं तर सोपी रीत कोणती?

फुटक्या माठाची. वीस लिटरचा माठ, बुडाला आणि कडेला बोटाएवढी पाच-सहा भोकं. तळाशी तुराट्यांच्या तुकड्यांचा चार इंच थर, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर एक वाटी ओलं (भाजीची देठं, साली, निर्माल्यातली फुलं) आणि दोन वाट्या कोरडं (वाळका पाला, कुटार, भंडारा-गोंदियाकडे भाताचं तणस). सुरुवातीला उकिरड्याच्या तळातलं मूठभर काळं खत विरजण म्हणून घालायचं. रोज भर घालताना कोरडं शेवटी, म्हणजे माश्या बसत नाहीत. शनिवारी काठीने तळापासून ढवळायचं.

ओल मुठीने पाहायची. मूठभर घेऊन पिळलं की बोटांत एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर ओलं जास्त, काहीच नाही तर पाणी शिंपडा. हे मुलांना फार आवडतं आणि त्यांचा हात लवकर बसतो.

माठ भरल्यावर दोन ते अडीच महिन्यांत खत होतं. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो आणि त्यात मूळ वस्तू ओळखू येत नाही.

मोठं करायचं असेल तर नाडेप. ही पद्धत आपल्याच भागातली: पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केली आणि त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. मूळ हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी विटांची भोकं. एवढा हौद शाळेला झेपत नाही. तीन बाय तीन फुटांचा, विटा नुसत्या फटी ठेवून रचलेला, गाऱ्याशिवायचा चालतो. त्या मापाला एका थराचा हिशेब साधारण असा: काडीकचरा १५ किलो, पाऊण किलो शेण २० लिटर पाण्यात कालवून, चाळलेली माती ८ किलो. असे थर रचत जायचे आणि वरून शेणमातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ढीग बसतो. मग पुन्हा थर घालून लिंपायचं. साडेतीन-चार महिने लागतात.

हा हौद एक-दोन दिवसांत भरला पाहिजे, रोज थोडं थोडं नाही. म्हणून काडीकचरा आठवडाभर आधी जमवून ठेवा, आणि उचलाउचलीला पालक बोलवा.

खताला वास येतो, किडे झाले, काहीच होत नाही. काय चुकलं?

सडका वास आला म्हणजे ओलं जास्त आणि हवा कमी: दोन-तीन ओंजळी कुटार घालून ढवळा, माठाची भोकं बुजलीत का पाहा. मुंग्या लागल्या तर माठ कोरडा पडलाय. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर शिजलेलं अन्न पडलंय. अळ्या खत खराब करत नाहीत, पण मुलं पुन्हा जवळ येत नाहीत. वर दोन इंच कोरडा पाला झाकला की कमी होतात. काहीच घडत नसेल तर उन्हाळा असेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा माठ सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा लागतो.

पोषण आहाराची उरलेली खिचडी माठात घालू नका, उंदीर येतात. ती उरणार नाही एवढी वाढणं हा या विषयाचाच धडा आहे.

संत्र्याच्या साली चालतात का?

चालतात, पण बारीक तुकडे करून आणि ओल्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नाही. सालीतल्या तेलामुळे त्या सावकाश कुजतात आणि जास्त झाल्या की माठ आंबट होतो. वरुड-मोर्शीकडे हंगामात शाळेत सालींचा ढीगच पडतो. बाकीच्या वाळवून ठेवा.

मुलांकडून हातकागद कसा करून घ्यायचा?

आधी पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवा. सेवाग्रामात गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि पाकिटं लिहायला वापरत. दोन्ही बाजू भरलेल्या कागदाचाच लगदा करायचा.

पाव किलो जुन्या वह्यांचे कागद घ्या. पिना काढा, गुळगुळीत चकचकीत पानं बाजूला करा. नखाएवढे तुकडे करून चार लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी उखळात कुटा, किंवा मिक्सरच्या पाऊण भांडं पाण्यात एक मूठ घालून पंचवीस-तीस सेकंद फिरवा. भाताच्या पेजेची घट्ट वाटीभर खळ मिसळा, नाहीतर शाई पसरते. मग पसरट टबात पाणी घालून सगळं मिळून पंधरा ते वीस लिटर होऊ द्या. दिसायला ते पातळ ताकासारखं हवं.

भरतकामाच्या रिंगेत मच्छरदाणीचं कापड ताणून बसवलं की साचा तयार. हात घालून लगदा ढवळा, साचा उभा आत घालून आडवा करा आणि सरळ वर उचला. पाणी गळू द्या. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर साचा पालथा घाला, मागून फडक्याने दाबून पाणी टिपा, मग साचा एका कडेने उचला. पाव किलोत वहीच्या अर्ध्या पानाएवढे चाळीसेक कागद होतात.

कागद जाळीलाच चिकटून राहिला तर पाणी पुरतं टिपलं गेलं नाही. उचलताना फाटला तर लगदा फार पातळ झालाय. गुठळ्या दिसल्या तर कुटणं कमी पडलं. वाळून पापडासारखा वाकडा झाला तर उन्हात ठेवला होता: सावलीत, दोन फडक्यांमध्ये, वर पाटा ठेवून वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका, बुरशी येते.

तान्ह्या पोळ्याला लगद्याचे बैल करता येतील का?

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लाकडी बैल मिरवण्याचा मुलांचा सण. घरात लाकडी बैल असेल तर आधी तोच घासून पुन्हा रंगवा. पिढ्यान्‌पिढ्या तोच बैल सजवणं, याहून चांगला पुनर्वापर शोधून सापडणार नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी करावा.

अडचण एकच: पोळा ऐन पावसाळ्यात येतो आणि जाड लगदा आतून ओलाच राहतो. म्हणून आत चुरगळलेल्या कागदाचा आणि सुतळीचा गाभा करून त्यावर लगद्याचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड देऊ नका. एक थर वाळल्यावरच दुसरा. अर्धा किलो कागदाला ५० ग्रॅम मेथीदाणा रात्रभर भिजवून वाटून घाला, लगदा चिकट होतो. जुन्या बायका टोपल्या लिंपायला असाच लगदा करत. पोळ्याच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा, पाय तुराटीचे करा आणि रंग गेरू, हळद, चुन्याचे द्या. चमकी आणि थर्माकोल लावला की वस्तू पुन्हा चौथ्या रकान्यात गेली.

बाटल्यांच्या फुलदाण्या, रॅपरची तोरणं वगैरे करून घ्यावीत का?

बहुतेक वेळा नको. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात पडतात आणि त्यांना लागलेल्या गोंद-रंगामुळे कबाडीही घेत नाही. कसोटी अशी: ही वस्तू महिन्याभराने कोणी वापरत असेल का? कडा भाजून बोथट केलेल्या बाटलीतली रोपं, पेन ठेवायचा डबा, सायकलच्या फाटक्या ट्यूबचे रबर, मोजायला झाकणं, हे टिकतं. कडा भाजायचं काम मोठ्यांचं, उघड्यावर. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करण्यासाठी पद्मश्री अरविंद गुप्ता यांचं काम पाहावं. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि गूल काढलेल्या आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घर करता येतं. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन तिरका होतो, हे मुलं स्वतः शोधतात.

बाटलीत रॅपर कोंबून ‘विटा’ करायच्या का?

करता येतात, पण त्याला पुनर्चक्रण (वितळवून नवी वस्तू करणं) म्हणू नका. तो रॅपर बंद करून ठेवण्याचा प्रकार आहे. एक लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम भरलं तरच ती टणक होते. लहान पुड्याचं रॅपर दोन-तीन ग्रॅमचं, म्हणजे शंभराहून जास्त लागतात. रॅपर धुतलेलं आणि पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर आत बुरशी धरते. उन्हात उघडी ठेवली की बाटली ठिसूळ होऊन तडकते, म्हणून मातीने लिंपून ओट्यासाठी, बसायच्या कट्ट्यासाठीच वापरा. शंभर रॅपर मोजल्यावर ‘हे एवढं आपणच खाल्लं’ असं पोरं आपसांत म्हणतात. या उपद्व्यापाचा खरा उपयोग तेवढाच.

जुन्या शर्टाची पिशवी मुलांना जमेल का?

तिसरी-चौथीला, गोधडीच्या जाड सुईने. शर्टाची बटणं लावून काखेखाली आडवा कापा. मूळ खालची कड म्हणजे पिशवीचा तळ, तिथे दोनदा टीप घाला. कापलेली बाजू एक इंच दुमडून तोंड करा. बाह्यांच्या दोन इंच रुंद, दीड फूट लांब पट्ट्या दुमडून बंद लावा. बटणपट्टी शिवून बंद करायला विसरतात आणि ज्वारी भरली की पिशवी मधूनच उघडते. तिथे आधी टीप घाला. बंद लावताना चौकोन शिवून त्यात फुली मारा. एकेरी टाक्याचा बंद आठवडी बाजारातून घरी येईपर्यंत सुटतो.

खताच्या पोत्यांची बसकरं चालतील का?

युरियाचं पोतं दोन पाण्यांनी धुतलं की चालतं. औषधाच्या गोदामात पडलेलं नको. ही पोती उन्हात काही महिन्यांत भुरभुरतात आणि त्यांचे पांढरे तुकडे मातीत मिसळतात, मग ते वेचता येत नाहीत. सावलीतच वापरा. बोटाने घासल्यावर धागे सुटू लागले की लगेच बाद करा.

मूल म्हणतं, ‘आमची आई पन्नी चुलीत घालते.’ काय उत्तर द्यावं?

आईला चुकीचं ठरवू नका. ओल्या सरपणाला पेट धरायला पन्नी लवकर कामी येते, म्हणून ती घालते. मुलाला एवढं सांगा की पन्नीचा धूर घशाला आणि छातीला वाईट असतो, आणि काही प्लास्टिकच्या धुरात तर विषारी वायू असतात. मग पर्याय हातात द्या: वाळलेल्या संत्र्याच्या साली, पऱ्हाटीचा भुगा, कागदाच्या घट्ट वळलेल्या सुरळ्या. वाळलेली साल पन्नीइतकीच झटकन पेट घेते. शाळेत वाळवलेल्या साली मुलांच्या हाती घरी पाठवा. पालकसभेत भाषण देण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

गुरांचा मुद्दाही घरी पटतो. उरलंसुरलं अन्न पन्नीत गाठ मारून फेकलं की गाय पन्नीसकट गिळते. ती पोटात साठत जाते, बाहेर पडत नाही. बैल आजारी पडला म्हणजे काय होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

‘आमच्या पोराला शाळेत कचरा उचलायला पाठवत नाही’ असं पालक म्हणतात.

त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, कारण त्यामागे बरेचदा जुनी जखम असते. पाळी सगळ्यांची लावा, हजेरीच्या क्रमाने, मुलगा-मुलगी आणि जात न पाहता, आणि शिक्षकांचं नावही त्याच यादीत घाला. शिक्षा म्हणून झाडायला लावणं बंद करा. एकदा जरी ते शिक्षा झालं, तर पुन्हा कधीच धडा होत नाही. ज्या घरात भंगाराचा धंदा आहे त्या घरातल्या मुलाला उदाहरण म्हणून उभं करू नका. त्याच्या घरच्या मोठ्यांना मात्र तोलकाटा घेऊन वर्गात बोलवा. या विषयात गावात सर्वांत जास्त त्यांनाच कळतं.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. हे पालकांना आठवून दिलं तर चालतं, पण पाळीची यादी खरी असेल तरच.

बंदी असताना दुकानात पन्नी कशी मिळते, असं चौथीतलं मूल विचारतं.

खरं ते सांगा. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली, देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, आणि तरीही पन्नी मिळते, कारण ती स्वस्त आहे आणि तपासणी रोज होत नाही. मग मुलांना मोजू द्या: एका बाजारात घरी किती पन्न्या आल्या, शर्टाची पिशवी नेल्यावर किती.

जमवलेला माल विकून आलेल्या पैशांचं काय करावं? स्पर्धा घ्यावी का?

‘सर्वांत जास्त कोण आणतो’ अशी स्पर्धा घेऊ नका. मुलं अर्धी भरलेली बाटली ओततात, रॅपरसाठी चिप्स विकत घेतात. स्पर्धा घ्यायचीच तर ‘या महिन्यात कोणाच्या घरी कमी’ अशी घ्या.

विक्री मुलांसमोर करा, भाव त्यांना विचारू द्या. तोलण्याआधी अंदाज बांधायला सांगा: किलोत किती बाटल्या? मुलं दहा-पंधरा म्हणतात. लिटरची बाटली वीसेक ग्रॅमची, म्हणून किलोला पंचेचाळीस-पन्नास लागतात. हातात येणारी रक्कम फार थोडी असते, ती लपवू नका. वहीत वजन, भाव, रक्कम लिहा आणि खर्च कशावर करायचा ते मुलांनी ठरवावं.

वर्षात कोणतं काम कधी घ्यावं?

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत घरातल्या वस्तूंचा शोध आणि ‘हात लावायचा नाही’ची यादी, कारण फवारणीही तेव्हाच सुरू होते. ऑगस्टमध्ये बैल. सप्टेंबरमध्ये पुरण्याचा प्रयोग, जमिनीत ओल असताना. दिवाळीनंतर माठ आणि हातकागद. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्या आठवड्यात पहिली विक्री. जानेवारीत पिशव्या. फेब्रुवारीनंतर नवं काही काढू नका, तयार खत शाळेच्या झाडांना घाला. आनंददायी शनिवारची, म्हणजे शाळेत उपक्रमांसाठी ठेवलेल्या शनिवारची, वेळ या कामांना बरी पडते.

कबाडी दोन महिने आला नाही, तर माल ठेवायचा कुठे?

बाटल्या पाय देऊन चपट्या करा आणि झाकण परत लावा, म्हणजे जागा तिप्पट-चौपट वाचते. पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, खाली विंचू आणि उंदीर घर करतात. खुंटीला किंवा आडव्या बांबूला टांगा. हात घालण्याआधी पोतं उन्हात पालथं करून झटका, आणि हे काम मोठ्यांनीच करा. पावसात उघडं काहीही नको: टोपणाएवढ्या पाण्यातही डासाची अंडी टिकतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. रोपांच्या बाटल्या, करवंट्या, फुटके माठ, टायर, सगळं दर शनिवारी पालथं घालून कोरडं करायचं. यासाठी दोन मुलांची पाळी वेगळी लावा. टायर शाळेत ठेवायचाच असेल तर त्याला खालून चार भोकं पाडा, नाहीतर मातीने भरून त्यात रोप लावा.